बाईची बोळवण

आमच्या दैनिकाचं धाराशिवचं कार्यालय एका खताच्या दुकानाच्या वर आहे. लोखंडी जिना चढून यावं लागतं. खाली युरियाच्या थप्प्या असल्यानं वर बारा महिने एक उग्र वास असतो. नवा माणूस नाक मुरडतो, आम्हाला तो येतही नाही. माणसं तीन. मी कार्यालयप्रमुख, हर्षाली बातमीदार आणि कुमार. कुमार पानं लावतो आणि संगणक सांभाळतो. गावोगावच्या बातम्या पाकिटातून एसटीनं यायच्या, तेव्हापासून तो इथं आहे.

मागच्या हिवाळ्यात मुख्यालयाचा आदेश आला. वार्ताहर, सरपंच, तलाठी, डॉक्टर, बाजार समितीची माणसं यांचे नंबर आजवर ज्याच्या त्याच्या फोनमध्ये होते. ते सगळे कार्यालयाच्या ईमेलवर एका फोल्डरमध्ये गावांच्या नावानं लावायचे आणि फोल्डर सहकाऱ्यांशी शेअर करायचा. परवानग्या तीन प्रकारच्या: नुसतं पाहणं, बदल करणं आणि मालकी. मालकी माझ्याकडे, बदल करण्याची परवानगी त्या दोघांना.

आमची स्वतःचीही कार्डं करायची होती, अडचणीच्या वेळी घरी कुणाला कळवायचं त्या नावासकट. कुमारनं मुलीचं नाव घातलं, आरोही. ती सोलापूरला नर्सिंग शिकत होती. रोज दुपारी डबा उघडण्याआधी तो तिला फोन करायचा. नंबर यादीतून काढायचा नाही, आकडे अंगठ्यानं दाबायचा. "बोटाला याद ऱ्हावी," म्हणायचा. बोलणं एवढंच, "जेवलीस का?"

फोल्डर शेअर करताना त्यानं गंमत केली. आम्हा दोघांची नावं घालण्याआधी म्हणाला, "पहिलं आवतण बाईला." आणि आमच्या ईमेलसारखाच एक पत्ता त्यानं टाईप केला. नावाच्या जागी 'बाई'.

त्याचं गाव बेंबळीच्या पुढं. त्यांच्या शेताच्या बांधावर एक दगड आहे. त्याला शेंदूर नाही, नाव नाही. घरात लग्न निघालं की पहिलं आवतण त्या दगडाला, मग तुळजापूरला, मग सोयऱ्याधायऱ्यांना. मी त्याला सांगितलं की असा पत्ताच नाही, मेल परत येईल.

"येऊ द्या की," कुमार म्हणाला.

"कुमारभाऊ, बाईला पासवर्ड कोण सांगणार?" हर्षालीनं विचारलं.

मेल परत आला नाही. संध्याकाळी फोल्डरच्या यादीत आमच्या तिघांखाली चौथं नाव होतं. बाई. नुसतं पाहणं. ते काढायला हवं असं मनात आलं, पण पानं छपाईला सोडायची वेळ झाली होती.

पुढच्या काही दिवसांत कार्डांवर शेरे दिसू लागले. बेंबळीच्या अण्णारावांच्या नावापुढं होतं, 'डाव्या कानानं ऐकू येत नाही, उजवीकडं बसावं.' खरंच होतं ते. एका सरपंचापुढं होतं, 'सकाळी फोन करू नये, म्हैस आटल्यापासून चिडलेला असतो.' यावर आम्ही हसलो, आणि त्याला दुपारी फोन केला तर तो गोड बोलला. आमचं काम सोपं होत होतं. मग एका डॉक्टरांच्या कार्डावर मी वाचलं, 'मागच्या खोलीत एकटे निजतात. खिडकीची कडी मोडकी आहे.'

हे कशाला लिहिलं, असं मी हर्षालीला विचारलं. तिला वाटत होतं शेरे माझे आहेत. आम्ही कुमारकडं पाहिलं.

"मला वाटलं तुमीच लिहिताय, साहेब."

मी परवानग्या उघडल्या. बाईच्या नावापुढं आता 'बदल करणं' होतं. मी नाव काढून टाकलं. ते गेलं. आम्ही खाली जाऊन चहा घेऊन आलो तेव्हा ते परत होतं. मुख्यालयातल्या संगणकाच्या माणसाला फोन केला. त्यानं त्याच्या बाजूनं तपासलं आणि सांगितलं की आमच्या फोल्डरला तीनच माणसं जोडलेली आहेत.

त्यानंतर बजरंगचं झालं. बजरंग आमचा कळंबचा वार्ताहर. आडत बाजाराच्या बंदच्या वेळी मी त्याच्या मोटारसायकलवर मागं बसून अख्खा तालुका फिरलो होतो. भन्नाट चालवायचा. त्याच्या कार्डावर शेरा आला, 'मोटारसायकल येत नाही.' त्याची फिरकी घ्यावी म्हणून मी फोन लावला.

"थट्टा करता व्हय, साहेब?" तो म्हणाला. "मला साधी सायकल येत न्हाय. सारी जिंदगी एसटीत गेली."

त्याच्या आवाजात थट्टा नव्हती. त्या बंदच्या बातमीत आमचा एक फोटो छापला होता, म्हणून मी जुन्या अंकांची फाईल काढली. फोटो तोच होता. मागं सोयाबीनची पोती, पुढं रस्ता. मोटारसायकल उभी नव्हती, चाकांमागं धूळ उडत होती. मागच्या सीटवर मी. पुढची सीट रिकामी होती. माझा उजवा हात समोर हवेत होता, कुणाच्या खांद्यावर ठेवावा तसा.

मी तो हर्षालीला दाखवला. तिनं नीट पाहिला.

"छान आलाय की तुमचा फोटो, सर," ती म्हणाली.

मी फाईल बंद केली. तेवढ्यात कुमारचा आवाज आला. डबा तसाच समोर, फोन कानाला.

"फोन लागंना पोरीचा."

का कोण जाणे, मी आधी त्याचं कार्ड उघडलं. आरोहीचं नाव होतं, खाली नंबर होता. माझ्या डोळ्यांदेखत नंबरचा शेवटचा आकडा गेला. मग त्याच्या आधीचा. घाई नव्हती. कुणीतरी सावकाश पुसत होतं. कोपऱ्यात बारीक अक्षरं होती, 'बाई बदल करत आहेत.'

मी थांबवायचा प्रयत्न केला. उत्तर आलं, तुम्हाला ही परवानगी नाही. यादीत मालक म्हणून आता बाईचं नाव होतं. माझ्या नावापुढं होतं, नुसतं पाहणं.

कुमार माझ्या मागं येऊन उभा होता. त्यानं सगळं पाहिलं. मी फाईल उघडून फोटो त्याच्यापुढं सरकवला आणि बजरंगचं सांगितलं. त्यानं फोन खिशात घातला. मग म्हणाला, "गावाकडं चला, साहेब. आईला इचारू."

माझ्या गाडीनं निघालो. माळावरच्या पवनचक्क्यांच्या पात्यांच्या सावल्या रस्त्यावरून सरकत होत्या. कुमार शेजारी बसून एकच नाव पुटपुटत होता. आरोही, आरोही. एका वळणावर तो थांबला.

"म्या काय म्हणत होतो?"

मी नाव सांगितलं. तो घाबरला आणि पुन्हा म्हणू लागला, आता मोठ्यानं.

त्याची आई दैवशालाबाई अंगणात तूर पाखडत होत्या. दोरीवर एक पांढरा गणवेश वाळत होता, रविवारी येऊन गेलेल्या आरोहीचा. कुमारनं सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. फक्त विचारलं, "आवतण देताना नावं दावलीस?"

मी सांगितलं, सगळ्या जिल्ह्याची नावं, गावासकट, फोनसकट. सूप बाजूला ठेवून त्या भिंतीला टेकल्या.

"तिच्याम्होरं नाव घेत न्हाईत," त्या मला म्हणाल्या. "नवरीचं सुदिक न्हाय. घरात कार्य हाय, येवढंच सांगायचं. कार्य झालं की दहीभात, खणनारळ द्यायचा आन वाटंला लावायचं. दावलं ते दिलं, असं हाय तिचं."

"पण ती कोण?"

"म्या कशाला इचारू?"

त्यांनी भात कालवला. पेटीतून एक कोरा खण काढला. निघताना त्यांनी कुमारचा दंड धरला.

"तितं पोरीचं नाव घिऊ नगो."

"न्हाय घेतलं तर इसरतो, आई."

"घेतलं तर ती नेती."

कुमारनं माझ्याकडं पाहिलं. त्यानं खांद्यावरच्या टॉवेलचं टोक तोंडात कोंबलं आणि चालू लागला.

ज्वारी गुडघ्याला लागत होती. लांबच्या माळावर पवनचक्क्या थांबलेल्या होत्या. वारा नव्हता. तरी बांधाकडची ज्वारी एका बाजूला झुकलेली होती, मधून कुणीतरी वाट केल्यासारखी.

दगड लहान होता. घरातल्या पाट्याएवढा. भोवती गवत नव्हतं.

दैवशालाबाईंनी खण त्याच्यावर पांघरला. पुढं भात ठेवला, नारळ ठेवला.

माझ्या हातात फोन होता. फोल्डर उघडा होता.

"जेवलीस. नेसलीस," त्या दगडाला म्हणाल्या. "आता वाटंला लाग."

बाई. मालक.

मी कुमारकडं पाहिलं. टॉवेलमागं त्याचे ओठ हलत होते. आवाज नव्हता.

बाई. बदल करणं.

त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. ओठ अजून हलत होते.

बाई. नुसतं पाहणं.

ओठ थांबले.

मग यादीत तीनच नावं उरली. मालक म्हणून माझं. ज्वारी हळूहळू सरळ झाली.

मागं न बघता यायचं होतं, तसे आलो. निम्म्या वाटेवर कुमारनं तोंडातला टॉवेल काढला आणि त्यानंच डोळे पुसले. चेहरा शांत होता.

दैवशालाबाईंनी विचारलं, "कुणाचं कार्य होतं रं?"

"ठाऊक न्हाय, आई."

अंगणात आल्यावर त्यांनी दोरीवरचा गणवेश काढला, उलटसुलट करून पाहिला आणि पुन्हा दोरीवर टाकला.

गाडीत बसून मी कुमारचं कार्ड उघडलं. घरच्या माणसाची जागा कोरी होती. मालक मी होतो. मी तिथं नाव लिहिलं आणि त्याच्यापुढं धरलं.

"हे कोण, साहेब?" त्यानं विचारलं.

दुसऱ्या दिवशी मी सोलापूरला तिच्या वसतिगृहात फोन केला. त्या नावाची मुलगी तिथं कधीच नव्हती. एका खोलीतली खाट मात्र रिकामी असते, मुली त्यावर बॅगा ठेवतात, असं सांगितलं. मला हे का आठवतं आणि बाकी कुणाला का नाही, याचा उलगडा मला झालेला नाही. फोल्डरच्या यादीत मी रोज पाहतो. माणसं तीनच आहेत.

कुमार पूर्वीसारखाच आहे. जरा जाड झालाय. दुपारी डबा उघडण्याआधी तो फोन हातात घेतो आणि त्याचा अंगठा आकडे दाबतो. बराच वेळ तो फोन कानाला लावून बसतो. कुणाला लावतोस, असं मी बरेच दिवस विचारलं नाही. परवा विचारलं.

"ठाऊक न्हाय, साहेब. सवय हाय बोटाला."

"उचलतं कोण?"

"पोरगी हाय कुणाची तरी. लई गोड आवाज. बोलत न्हाय. नुसती नावं वाचती, एकेका गावाची."

"मग तू काय म्हणतोस?"

"जेवलीस का म्हणून इचारतो. ती वाचतच ऱ्हाती." त्यानं डब्याचं झाकण काढलं. "आज कळंब सरलं."

त्या संध्याकाळी कळंबची बातमी आली नाही. मी बजरंगला फोन लावायला हर्षालीला सांगितलं. तिनं मान वर केली.

"कळंबला आपलं कोण आहे, सर?"

मी फोल्डर उघडला. कळंबच्या पुढं तुळजापूर आहे, मग तेर, मग धाराशिव. आमची तिघांची कार्डं तिथं आहेत.