कापलेली नांदी

दिल्लीत, मुनिरक्यातल्या गच्चीवर, परीक्षेची पुस्तकं मिटून बसलेल्या पोरांना निवृत्त भाऊसाहेबांनी ही हकिकत सांगितली. आवाज मुद्दाम खाली आणून.

अरे, त्या सिनेमाचं नाव विचारू नका. रात्रीचं मी ते घेत नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या एका संगीत नाटक मंडळीची गोष्ट होती. वितरकाने सुरुवातीची नांदीच कापली, आणि चौथ्या दिवशी सिनेमा उतरला. कुत्रं विचारीना. पुढे आमच्या फरीदाबादच्या मराठी मंडळाने रंगभूमी दिनासाठी तो मागवला, तेव्हा म्हाताऱ्या दिग्दर्शकाने जवळची अख्खी प्रत पाठवली आणि फोनवर उल्हासला एकच अट घातली, ‘नांदी कापू नका. देवाला आळवल्याशिवाय ती माणसं खेळ सुरू करत नाहीत.’

उल्हास ऑफिसात माझ्या हाताखालचा सेक्शन ऑफिसर, मंडळाचा कार्यक्रम त्याच्याकडे. दुसऱ्यांचं लिहिलेलं छाटायची जुनी खोड. हॉल एक वाजेपर्यंतच मिळालेला, मग तिथे लग्न. ‘नऊ मिनिटं नुसतं गाणं? बिल्कुल नाही,’ म्हणाला आणि लॅपटॉपवर कात्री चालवली. मोठा शहाणा!

गेल्या वर्षीची आठ नोव्हेंबर, शनिवार, रात्रीचे पावणेदहा. दुसऱ्या दिवशी कार्यक्रम, म्हणून प्रोजेक्टर तपासायला तो हॉलवर गेला. बरोबर त्याची दहा वर्षांची उत्तरा. तिला माइकवर स्वागतगीत म्हणून बघायचं होतं. काय गळा होता पोरीचा! दिल्लीत वाढलेली, मराठी बेताचीच, पण सूर पक्का. बापाचा जीव त्या गाण्यात अडकलेला.

तिचं गाणं झालं. उल्हासने सिनेमा लावला. सिनेमातल्या रंगमंचाचा पडदा वर गेला. सगळी मंडळी ओळीने उभी होती. फेटेवाले, नऊवारी नेसलेले पुरुष. हात जोडलेले. तोंडं मिटलेली.

हा भाग तर त्याने कापला होता.

‘बाबा, हे लोक गात का नाहीत?’

उल्हासला वाटलं, फाइल अडकली. पण खाली सेकंद पुढे सरकत होते. मग पहिल्याने मान वळवली. दुसऱ्याने. तिसऱ्याने... सगळे उल्हासकडे बघत होते. डोळ्यांत नुसता राग.

त्याने वायर उपटली.

चित्र गेलं नाही.

‘उत्तरा, चल घरी. चलो!’

उत्तरा उठली. पडद्याकडे वळली. हात जोडले... आणि नांदी म्हणू लागली. जी तिने जन्मात ऐकली नव्हती.

उल्हासने दोन्ही हातांनी तिचं तोंड दाबलं. ओठ मिटले.

सूर थांबला नाही.

नऊ मिनिटं...

मग मंडळींनी हात सोडले. एकेक जण विंगेत निघून गेला. खेळ त्यांनी केलाच नाही.

उत्तरा आज शाळेत जाते, बोलते, हसते. गा म्हटलं की तोंड उघडते आणि नुसती हवा येते. डॉक्टर म्हणतात, गळा बिल्कुल ठीक आहे. उल्हास तिच्यासमोर बसून रडतो रे, एवढा मोठा माणूस.

त्या रात्री घरी तिच्या आईने, उल्काने, दिव्याखाली पोरीचा स्वेटर काढला. गळ्यावर पाच बोटं उमटली होती. नट तोंडाला फासतात, त्या सफेद्याची. तिने खोबरेल चोळलं. साबण लावला...

अजून आहेत.