करडईच्या तेलाची बाटली

शांताक्कांनी जीप थांबवली नसती, तर त्याची माझी गाठच पडली नसती. हे त्या आजही साऱ्या गल्लीला सांगतात.

घटस्थापनेची सकाळ होती. सोलापूरला अयोध्या या माझ्या मैत्रिणीकडे दोन दिवस राहून मी लोहाऱ्याला परतत होते. नळदुर्गला बस सोडून जीपमध्ये बसले, तर शेजारी नेमक्या आमच्या गल्लीतल्या शांताक्का. माझ्या मांडीवर बाटली होती. अयोध्याच्या आईनं माझ्या आईसाठी दिलेलं घाण्याचं करडईचं तेल. जपून ने म्हणून तिनं मला तीनदा बजावलं होतं.

रस्ताभर तुळजापूरहून ज्योत घेऊन पळत गावाकडे निघालेली पोरं दिसत होती. ज्योत हातातच राहिली पाहिजे, जमिनीला टेकता कामा नये, आणि विझता तर मुळीच नये. पण बाभळीखाली उभा होता तो एकटाच होता. अनवाणी, भुरभुर पावसात भिजलेला, ज्योतीवर वाकून तिला जपणारा.

जीप थांबवून दर्शनाला उतरलेल्या शांताक्कांनी ज्योतीकडं बघितलं. "आरं लेकरा, तेल संपाया लागलं की. मंडळ कुठं हाय तुझं?"

तो ओशाळला. तेलाचा डबा नळदुर्गच्या ढाब्यावर राहिला होता. आणायला एक जण पुरला असता, पण तिथले उपासाचे गरम वडे आठवून अख्खं मंडळ टेम्पोत बसून माघारी गेलं होतं.

"मागच्या साली माझ्याच हातात विझली," तो म्हणाला. "सगळ्यांना तुळजापूरपासून परत पळावं लागलं. यंदा लई हातापाया पडून मागून घेतलीय. आता पुन्हा विझली तर..."

मी बाटली घेऊन खाली उतरले.

एका हातानं त्याला बूच निघेना, म्हणून तेल मीच ओतलं. ज्योत तरारली आणि तिच्या उजेडात त्याचा चेहराही. छान होता, उगाच खोटं कशाला बोला. पण थोड्या वेळानं पुन्हा तेल लागणार, तेव्हा कोण ओतणार? ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मी पिशवी शांताक्कांकडे दिली आणि आईला निरोप सांगा म्हणाले. त्यांनी आधी मला, मग त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. नळदुर्गपासून माझ्या लग्नाचं विचारणाऱ्या शांताक्कांनी मग स्वतःच ड्रायव्हरला जीप हाकायला सांगितली.

आम्ही निघालो. मी छत्री धरली होती.

"ज्योतीवर धरा, माझ्यावर नको," तो म्हणाला.

"ज्योतीवरच धरलीय. तुम्ही मधे मधे येताय."

तो हसला. शंभू त्याचं नाव, बोअरच्या मोटारी दुरुस्त करायचा. सोलापूर आवडलं का, असं त्यानं विचारलं. आवडलं, मी म्हणाले, पण तिथं जीपमधून खाली उतरावं असं कुणी भेटलं नाही. यावर त्याचे कान लाल झाले.

मग तो ज्योत धरलेला हात दुसऱ्या हातानं सावरताना दिसला. मंडळ गेल्यापासून एकट्यानं धरली होती त्यानं.

"द्या इकडे."

"आमच्यात पोरी धरत न्हाईत."

"आणि देवी कोण आहे मग?"

त्यानं ज्योत पुढं केली. मी चपला काढल्या, ज्योत घेतली. घेताना त्याची बोटं माझ्या बोटांवर जरा जास्तच वेळ राहिली... मीही घाई केली नाही. छत्री, बाटली आणि माझ्या चपला असा सगळा संसार आता त्याच्याकडे होता.

"विझली तर?" त्यानं हळूच विचारलं.

"तर दोघं मिळून तुळजापूरपासून पुन्हा पळू."

"मग विझू दे की."

बोलून गेला आणि लगेच त्यानं जीभ चावली. तेवढ्यात वारा आला. ज्योत आडवी झाली, निळी झाली... हातातलं सगळं टाकून त्यानं ओंजळीचा आडोसा केला. आम्ही दोघंही वाऱ्याकडं पाठ करून उभे राहिलो. ज्योत पुन्हा सरळ झाली.

"न्हाय," तो पुटपुटला, "विझायला नकोच. दुसरं काय तरी निमित्त काढू."

टेम्पो आला तेव्हा मंडळाला दिसलं ते असं: ज्योत पोरीच्या हातात आणि शंभूच्या हातात तिच्या चपला. वड्यांपायी आपण काय करून बसलो, हे कळल्यानं त्यांनी आम्हा दोघांनाही तसंच पुढं पळू दिलं.

शंभूच्या गावच्या वेशीत बायका घागरी घेऊन उभ्या होत्या. ज्योत शंभूनं घेतली आणि त्याच्या आईनं रीतीप्रमाणे त्याचे पाय धुतले. मी मागं सरकले, तशी ती म्हणाली, "तू कुठं चाललीस? पळून आलीस न्हवं?" आणि माझ्या चिखलानं भरलेल्या पायांवर गार पाणी ओतलं. माझे डोळेच भरून आले.

दसऱ्याला शंभू आमच्या दारात उभा राहिला. आईला सोनं दिलं, पाया पडला. मग मला बाटली दिली, काठोकाठ भरलेली.

"पुढच्या साली येशील पळायला?"

"कुणाच्या गावची ज्योत म्हणून?"

"आमच्या..." तो थांबला. "आपल्या."

आतून आईनं विचारलं, कसलं तेल गं? करडईचं, मी म्हणाले, आणि बाटली त्याच्याच हातात परत दिली. म्हटलं, पुढच्या वर्षापर्यंत जपून ठेव, ढाब्यावर विसरू नकोस.