आर्डनाखीला उतरायचं राहिलं

"बाबा हरवलेत," फोनवरचा माणूस म्हणाला.

शाल्मली केतकरनं फोन स्पीकरवर टाकला. "कधीपासून?"

"काल दुपारपासून. ट्रेनमधून."

"वय किती? काही विसरभोळेपणा वगैरे?"

"अं... ते गेल्या महिन्यात वारले. अस्थी हरवल्यात त्यांच्या. पोलिसांना काय सांगू, तुम्हीच सांगा ना!"

समोर पोहे खात बसलेल्या डॉ. गिरीश पाध्यांना ठसकाच लागला. गिरीश म्हणजे एडिनबरातले निवृत्त भूलतज्ज्ञ. आयुष्यभर लोकांना झोपवलं आणि बायको मंजिरी गेल्यापासून स्वतःलाच झोप येईना, म्हणून ते शाल्मलीच्या मागे हिंडायला लागले. शाल्मली पूर्वी एका बँकेत लबाड्या पकडायची, आता स्वतःची डिटेक्टिव्ह एजन्सी चालवते. गाडी गिरीशची, डोकं तिचं. ही वाटणी दोघांनाही मान्य होती.

"निघायचं का?" तिनं विचारलं.

"पोहे तरी संपवू देशील?" गिरीश म्हणाले. पण किल्ली त्यांनी आधीच उचलली होती.

इन्व्हरनेसला नदीकाठच्या त्या घराबाहेर 'विकणे आहे'ची पाटी होती. आत हॉलमध्ये खोकीच खोकी. पुरुषोत्तम राजवाडे इथल्याच हॉस्पिटलात डॉक्टर होते. फोन केला होता त्यांच्या मुलानं, अंबरीशनं. तो लंडनजवळ इल्फर्डला राहायचा. आता आईलाही तिकडेच नेणार होता.

"आईनं हट्ट धरला," अंबरीश सांगू लागला. "बाबांना त्यांच्या आवडत्या जागा शेवटच्या दाखवायच्या म्हणे. म्हणून कलश घेऊन आम्ही सगळे स्काय बेटापर्यंत जाऊन आलो. ट्रेन, बस, सगळं. येताना काइलला, बेटासमोरच्या शेवटच्या स्टेशनात, गाडीत बसलो, तेव्हा पिशवी मी स्वतः दाराजवळच्या रॅकवर ठेवली. मग माझा डोळा लागला. इथे उतरताना बघतो तर पिशवी गायब!"

"अस्थी कुठे जाणार होत्या?"

"काका नाशिकला नेणार. उद्या रात्रीच्या गाडीनं लंडन, परवा विमान." तो जरा घुटमळला. "माझ्या मनात इल्फर्डजवळ मेमोरियल करायचं होतं. वाद झाला थोडा. पण काकांपुढे काय बोलणार?"

काका म्हणजे अवधूतराव, डॉक्टरांचे धाकटे भाऊ, पुण्याहून आलेले. बसायला सांगितलं तरी ते उभेच राहिले.

"दादा दरवर्षी म्हणायचा, पुढच्या दिवाळीला नक्की येतो. आई त्याची वाट बघत गेली हो! मरताना तिला सांगितलं होतं मी, दादाला घेऊन येईन म्हणून. जिवंतपणी नाही जमलं. आता निदान गोदावरीत तरी..." त्यांचा आवाज फुटला. "रिकाम्या हातानं कसा जाऊ मी?"

गिरीशनी त्यांच्यासाठी खुर्ची ओढली. शाल्मली मात्र आपला मुद्दा सोडायची नाही. "गाडीत तुम्ही कुठे होतात, काका?"

"मागच्या डब्यात, खिडकीशी. सगळे तिथेच होतो. एक मिनिट डोळे मिटले नाहीत मी."

"वाटेत काही वेगळं दिसलं?"

"वेगळं? एका स्टेशनावर गाडी उगाचच थांबली. काय ते नाव, आर्डनाखी. फलाट एवढासा की आमचा डबा त्याच्या मागेच राहिला. गाडी हलल्यावर फलाट खिडकीसमोरून गेला, तर चिटपाखरू नाही. कोणी चढलं नाही, उतरलं नाही. नुसतं लाल फळांनी लगडलेलं एक झाड. म्हटलं, वा रे शिस्त, माणूस नसला तरी थांबतात!"

मग सूनबाई आली, स्वाती. बोलण्यात मोकळी. "मी काय बघणार? अंबरीश माझ्या खांद्यावर डोकं टाकून घोरत होता. हलायची सोय नव्हती."

"नवीन कोणी डब्यात आलं?"

"कोणीच नाही. ऑफ सीझन आहे ना. आई तेवढ्या पुढच्या टॉयलेटला गेल्या होत्या. आल्या तर हात अक्षरशः बर्फ! मी चोळून दिले. आणि हीटिंग असं होतं की मी जॅकेट काढून बसले होते." तिनं आवाज खाली आणला. "त्यांना फार धक्का बसलाय. पिशवी नाही कळल्यावर आम्ही सगळे सैरावैरा धावतोय आणि त्या आपल्या बाकावर बसून. आदल्या रात्री गेस्टहाऊसमध्ये तर केवढा जीव टाकत होत्या! अस्थी घरात आणत नाहीत म्हणून बागेतल्या झाडाला टांगला कलश. पाऊस आला तशा उठल्या आणि जाऊन वर प्लॅस्टिक बांधून आल्या. लँडलेडी बघतच राहिली."

सुमनकाकू स्वयंपाकघरात होत्या. लहानखुऱ्या, नीटनेटक्या. त्यांनी न विचारताच चहा टाकला.

"ह्यांना हिंडायचं वेड," त्या म्हणाल्या. "सुट्टी मिळाली की सॅक पाठीला. एवढासा तर देश, सुमन, म्हणायचे, सगळा बघून टाकू. साठीला बसचा फुकट पास मिळाला तेव्हा नाचले होते हो घरात! ओर्कनीची बोट, बॉर्डर्सच्या बसेस, काही म्हणता काही सोडलं नाही. एक जागा तेवढी राहिली."

"कुठली?" शाल्मलीनं विचारलं.

"असंच एक लहानसं ठिकाण. जाऊ दे." त्यांनी खिडकीतून पश्चिमेकडे पाहिलं. "तिकडे काइलच्या लाइनीवर पाऊस असेल का हो आज?"

गिरीशनी फोनवर बघितलं. "नाही. उद्यापर्यंत कोरडं आहे."

"बरं झालं बाई," काकू म्हणाल्या आणि त्यांनी गिरीशच्या कपात आणखी चहा ओतला.

बाहेर पडल्यावर गिरीशना राहवेना. "अवधूतराव! आयत्या वेळी कोणी मन बदलायला नको म्हणून त्यांनी कलश आधीच सूटकेसमध्ये टाकलाय. लिहून देतो तुला."

"जो उद्या त्यांच्याच हातात देणार होते, तो ते कशाला चोरतील, डॉक्टर?"

"मग अंबरीश. वाद झाला म्हणाला ना?"

"आणि मग स्वतःच मला फोन केला?"

गिरीशनी गाडीचं दार उघडलं. मंजिरी असती तर म्हणाली असती, तुम्ही आपले भूलच द्या. तिची तशी थट्टा ऐकून किती दिवस झाले, असं त्यांच्या मनात आलं.

"सकाळी सगळ्यांना काइलच्या गाडीनं न्यायचंय," शाल्मली म्हणाली. "अवधूतकाकांना सांगा, कलश मिळेल."

"मिळेल? अगं, कुठे ते तरी सांग!"

"तुम्हाला गाडीतच कळेल. खिडकीत बसा म्हणजे झालं."

सकाळी सगळे निघाले. ऑक्टोबर होता, डोंगर तांबूस झाले होते, मधूनच एखादं तळं चमकून जायचं. एक छोटंसं स्टेशन आलं आणि गाडी न थांबता निघून गेली. पुढच्या एकावर सॅकवाली एक बाई फलाटाच्या कडेला हात पुढे करून उभी होती. गाडी थांबली, बाई चढली.

गिरीश खूष झाले. "अगं, ही तर आपली एसटी! हात दाखवा, गाडी थांबवा! इतकी वर्षं इथे काढली, पण मी आपला गाडी हाकणारा. मंजिरी म्हणायची, एकदा ट्रेननं जाऊ..." ते थांबले.

"आणि गाडीतल्या माणसाला अशा स्टेशनवर उतरायचं असलं तर?" शाल्मलीनं हळूच विचारलं.

"तर गार्डला आधी सांगायचं. आत्ता तू सांगितलंस तसं."

"आणि कोणी हात दाखवला नाही, कोणी सांगितलंही नाही तर?"

"तर कशाला थांबेल? गेली निघून."

त्यांच्या डोक्यात अजून काही प्रकाश पडला नव्हता. शाल्मली खिडकीबाहेर बघत राहिली.

आर्डनाखीला एकच दार उघडलं, पुढचं. गार्डनं सुमनकाकूंकडे बघून मान लववली आणि त्यांचा हात धरून त्यांना सावकाश उतरवलं. गाडी गेली. एवढासा फलाट, एक लाकडी शेड, शेडमागे लाल फळांचं झाड आणि उतारावर खाली पसरलेलं निळंशार तळं. माणूस कुठे औषधालाही नव्हता.

"इथे कशाला आणलंत?" अवधूतराव वैतागले. "परतीची गाडी कधी आहे?"

"येईलच थोड्या वेळात," शाल्मली म्हणाली. "संध्याकाळी आणखी एक आहे, पण तिनं गेलात तर लंडनची गाडी चुकेल. तेवढ्यात माझं बोलून होईल. काका, परवा इथे गाडी उगाच थांबली असं तुम्ही म्हणालात. या लाइनीवरच्या अशा स्टेशनांवर गाडी उगाच थांबत नाही. कोणीतरी थांबवावी लागते."

गिरीशनी कपाळावर हात मारला. "अरे देवा! आपण आत्ताच बघितलं की!"

"फलाटावरून कोणी हात दाखवला असता तर तो माणूस गाडीत चढला असता. कोणी चढलं नाही. म्हणजे गाडीतल्याच कोणीतरी गार्डला सांगितलं होतं. पण फलाट रिकामा होता, म्हणजे ज्यानं सांगितलं तो माणूस परत गाडीत चढला. इथे राहिली ती फक्त वस्तू."

"पण कोणी?" अंबरीशनं विचारलं.

"तू झोपला होतास. तुझ्या डोक्याखाली स्वातीचा खांदा अडकला होता. काका खिडकीशी होते, फलाट त्यांनी डोळ्यांनी बघितलाय. जागेवर नव्हतं असं एकच माणूस होतं. उबदार गाडीत तिचे हात बर्फासारखे गार पडले, कारण ती बाहेर वाऱ्यात उभी राहून आली होती."

स्वातीनं चटकन सासूकडे पाहिलं.

"आणि काल," शाल्मली मऊ आवाजात म्हणाली, "नवऱ्याच्या अस्थी हरवलेल्या बाईनं 'कुठे असतील हो' असं एकदाही विचारलं नाही. विचारलं ते काय, तर तिकडे पाऊस आहे का. जिनं प्लॅस्टिक बांधून कलश जपला, ती पावसाची चौकशी कुणासाठी करेल? तिला जागा माहीत होती. जागाही डोक्यावर छप्पर नसलेली. अस्थी घरात नेत नाहीत, झाडाला टांगतात. डॉक्टर, शेडमागे बघता का जरा?"

गिरीश गेले. फळांच्या लाल घोसांत तसाच लाल कपडा बांधलेला कलश होता. फलाटावरून तो वेगळा ओळखूच येत नव्हता. त्यांनी तो दोन्ही हातांनी सोडवून आणला.

"आई!" अंबरीश ओरडला. "असं कसं केलंस तू? आम्ही वेडे झालो होतो!"

सुमनकाकू बाकावर टेकल्या. "नोकरीपायी आम्ही या गाडीनं किती वेळा गेलो असू. दर वेळी हे म्हणायचे, सुमन, ते तळं बघ, एकदा इथे उतरू. आणि दर वेळी काहीतरी निघायचं. कोणाची ड्युटी, तुझी शाळा, मग यांचं आजारपण. शेवटी हॉस्पिटलात हात धरून म्हणाले, आर्डनाखीला उतरायचं राहिलं गं." त्यांनी पदर तोंडाला लावला. "गार्ड ओळखीचा. त्याच्या आईला ह्यांनीच बरं केलं होतं. त्याला म्हटलं, जरा थांब, ह्यांना उतरवायचंय. तो टोपी काढून उभा राहिला हो दारात."

"मग आम्हाला सांगायचं नाही का?" स्वाती रडवेली झाली.

"कोणी विचारलं मला? एकजण नाशिक म्हणतो, एकजण इल्फर्ड. भाऊजींना शब्द दिला होता मी, तुम्ही न्या म्हणून. तो मोडायला तोंड होईना. वाटलं, विमान गेलं की एकटीच येईन." त्या उठल्या, गिरीशच्या हातातून कलश घेतला आणि दिरापुढे धरला. "चुकलं माझं. घ्या, भाऊजी. सासूबाईंना तुम्ही कबूल केलंय. दोन रात्री उतरले ना इथे, बास झालं मला."

अवधूतरावांनी कलश घेतला. घेतला आणि छातीशी धरून उभे राहिले.

लांबून गाडीचा आवाज आला. वळणावर इंजिनाचा दिवा दिसला.

"हात मलाच दाखवायचाय ना?" त्यांनी विचारलं.

"हो काका," शाल्मली म्हणाली. "दाखवला तर थांबेल."

ते फलाटाच्या कडेला गेले. गाडीचा वेग कमी झाला. गिरीशना ड्रायव्हरचा चेहरा दिसला, तो यांच्याकडेच बघत होता. स्वातीनं सासूचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले होते. सुमनकाकूंनी डोळे मिटले होते.

अवधूतरावांचे दोन्ही हात कलशावरच राहिले.

ड्रायव्हरनं एक शिटी दिली, गाडीनं वेग घेतला आणि ती आली तशी निघून गेली.

"काका, विमान!" अंबरीश म्हणाला.

"जाऊ दे रे. मूठभर मी नेईन नंतर, आईपाशी." अवधूतरावांनी बाहीनं डोळे पुसले. "वहिनी, पाण्याकडे जायची वाट कुठून आहे?"