समज सुदर्शनची

छाया वायदंडे यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "साखर कमी पडली, पण चालंल."

त्यांच्या घशात स्वरयंत्र नव्हतं. वर्षापूर्वी शस्त्रक्रियेत ते काढून टाकलं होतं. वाक्य गळ्याभोवतीच्या राखाडी पट्टीतून आलं होतं, पण आवाज त्यांचाच होता, तीस वर्षं एस.टी.त कंडक्टरकी करून रापलेला. मिरजेच्या त्या रुग्णालयात बुधवारी सकाळी वाचा-उपचाराच्या खोलीत असं बोलणारी पाच-सहा माणसं बसलेली असत, आणि त्याचं आता कुणालाच नवल वाटत नसे. माणसाने आवाजाविना शब्द उच्चारायचा, पट्टीतले संवेदक जबड्याखालच्या स्नायूंची हालचाल टिपणार, आणि आतला प्रोग्राम तो शब्द ओळखून त्या माणसाच्या जुन्या आवाजात बोलणार. सगळे तिला गळपट्टी म्हणत.

छायाताई नुकत्याच तापातून उठल्या होत्या. बोलता बोलता थकून त्यांनी डोकं भिंतीला टेकवलं, डोळे मिटले. तोंड जेमतेम हललं.

"पाणी," गळपट्टी म्हणाली.

नर्सने लगेच पेला पुढे केला. छायाताईंनी डोळे उघडून मान हलवली.

"मी कुठं पाणी मागितलं? पंखा बारीक करा म्हणत होते." मग समोर लॅपटॉप घेऊन बसलेल्या आश्लेषा मगदूमकडे वळून त्या म्हणाल्या, "हे तिसऱ्यांदा झालं, मॅडम. अंगात ताकद नसली की ही पट्टी स्वतःच्या मनाचं बोलती."

"चाचणीतला प्रोग्राम आहे, छायाताई. होतं असं कधी कधी," आश्लेषा म्हणाली. पण तिने त्या दिवशीच्या नोंदवहीत हा प्रकार लिहिला नाही. हात लिहायला गेला आणि थांबला.

तो प्रोग्राम तिचाच होता. ती तंत्रनिकेतनात शिकवत असे, आणि तिचा नवरा सुदर्शन कुस्तीच्या मैदानांवर निवेदन करी. हलगी थांबली की त्याचा आवाज सुटायचा आणि मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यालाही डाव डोळ्यांसमोर दिसायचा. घशाच्या कर्करोगाने तो आवाज नेला. कंपनीची गळपट्टी आली, पण तिच्या प्रोग्रामला सुदर्शनची बोली उमगेना. म्हणून आश्लेषाने स्वतःचा प्रोग्राम लिहायला घेतला. सुदर्शन आवाजाविना बोलायचा, ती नोंद करायची, तो पाटीवर लिहून बरोबर-चूक सांगायचा. चौदा महिने हे चाललं. मग तो गेला. प्रोग्राम राहिला. आता चाचणीपुरता तो ज्यांच्या ज्यांच्या गळ्यात होता त्यांच्याबाबतीत आवाज ज्याचा त्याचा होता, समज मात्र सुदर्शनची.

पट्ट्या बनवणाऱ्या परदेशी कंपनीने धंदा गुंडाळला होता. डिसेंबर संपला की कंपनीचे प्रोग्राम चालणार नव्हते. एकट्या मिरजेत एकेचाळीस माणसं मुकी होणार होती, राज्यात काही हजार. रुग्णालयं दुसरा कुठलाही प्रोग्राम घ्यायला तयार होती, फक्त तो मुक्त भांडारातला हवा होता. जगभरच्या स्वयंसेवकांनी सांभाळलेलं हे भांडार. त्यातला प्रत्येक प्रोग्राम कुणीही उघडून पाहावा, तपासावा, सुधारावा. पण नवख्या माणसाला त्यात परस्पर काही ठेवता येत नसे. भांडाराच्या एखाद्या जुन्या सभासदाने आधी प्रोग्राम आणि त्याच्या फाईलींचं सगळं पॅकेज कसून तपासायचं आणि स्वतःच्या डिजिटल सहीने आत घालायचं. पुढे त्यात काही खोट निघाली तर बोल त्या सहीला. मराठी मंडळी अशा माणसाला जामीन म्हणत.

आश्लेषाच्या पॅकेजला अडीच महिने कुणी जामीन मिळाला नाही. भांडाराच्या नव्या आवृत्तीचं दार बंद व्हायला तीन आठवडे उरले असताना वसईहून बेनेडिक्ट घोन्साल्विस यांचं पत्र आलं. वय अडुसष्ट, जहाजांवरच्या वायरलेसमध्ये नोकरी झालेली. पहिल्या पत्रात त्यांनी सतरा चुका काढल्या. परवान्याच्या फाईलमध्ये साल चुकलं आहे, मदतीच्या पानात आज्ञा एक आणि उदाहरण दुसरंच आहे, अशा. तिने दोन दिवसांत सगळ्या दुरुस्त केल्या. दुसऱ्या पत्रात पाच. तिसऱ्यात एकच होती.

"मगदूमबाई, तुम्ही दिलेल्या मूळ नोंदींवरून मी तुमचा प्रोग्राम माझ्या घरी पुन्हा शिकवून तयार केला. जो तयार झाला तो तुमच्यासारखा नाही. माझा प्रोग्राम अशक्त रुग्णाचं काहीच ओळखत नाही, भलतेच शब्द बोलतो. तुमचा ओळखतो. म्हणजे तुमच्याकडे अशा काही नोंदी आहेत ज्या तुम्ही भांडाराला दिलेल्या नाहीत. त्या कुठे आहेत?"

तिने उत्तर लिहिलं की त्या खाजगी आहेत. त्यांचं उलट उत्तर आलं की ज्याचं मूळ दाखवता येत नाही ते भांडारात जात नाही, आणि त्याखाली स्वतःचा फोन नंबर.

तिने दुपारच्या सुट्टीत फोन केला.

"शेवटच्या चार महिन्यांच्या नोंदी आहेत," ती म्हणाली. "माझ्या मिस्टरांच्या. मी त्या प्रोग्रामला दिल्या, पण स्वतः पुन्हा कधी उघडल्या नाहीत."

घोन्साल्विस म्हणाले, "मला वाईट वाटतं. पण एक विचारतो. तुमचा प्रोग्राम अशक्त माणसाच्या हालचालीला फार वेळा 'पाणी' म्हणतो. मी मोजून पाहिलं, शंभरातून साठ वेळा. हे त्याला कुणी शिकवलं?"

आश्लेषा व्हरांड्याच्या कठड्याला धरून उभी होती. शेवटचे एकोणीस दिवस सुदर्शनच्या हातात खडू धरवत नव्हता. ओठ हलायचे, तेव्हाची पट्टी गप्प राहायची. मग तीच अंदाज बांधायची. त्याला तहान लागली असेल असं तिला वाटायचं. दर वेळी तिने चमच्याने पाणी दिलं आणि दर वेळी नोंदीपुढे लिहिलं, पाणी. कधी तो प्यायला. कधी त्याने तोंड फिरवलं. फिरवलं तेव्हाही तिने तेच लिहिलं.

"मी," ती म्हणाली. "मीच शिकवलं."

"किती वेळा?"

"अकराशे त्रेचाळीस."

"तुम्हाला खात्री होती?"

"नाही," ती म्हणाली. "सर, ते एकोणीस दिवस मी काढून टाकते. बाकीच्या नोंदी देते. मग सही कराल?"

"करीन. आत काय आहे ते मला माहीत असेल, तर करीन. पण मग त्या अवस्थेतला माणूस प्रोग्रामला अनोळखीच राहील, आणि अनोळखी माणसाच्या तोंडी तो कुठला तरी जवळचा शब्द घालील. तो चुकला असं सांगायलाही तो माणूस उठणार नाही. विचार करा. घाई असली तरी करा."

पुढच्या बुधवारी तिने त्या नोंदी उघडल्या. एकटीने उघडायचा धीर झाला नाही, म्हणून वाचा-उपचाराच्या खोलीतच, छायाताईंच्या शेजारी बसून. पडद्यावर पाच रेषा सरकू लागल्या, एकेक रेषा एकेका स्नायूची. प्रत्येक रुग्णाला सुरुवातीला अशाच रेषा पाहून सराव करावा लागे. छायाताईंनी तर पट्टी मिळायच्या आधी सहा महिने लेकीशी नुसत्या ओठांनी संसार केला होता. त्या चष्मा पुसून पुढे झाल्या.

"हे कोण?"

"माझे मिस्टर."

"काय म्हणतायत?"

"पाणी," आश्लेषा म्हणाली. "असं मी लिहिलंय."

छायाताईंनी पंधरा-वीस नोंदी पाहिल्या. पुन्हा मागे नेऊन पाहिल्या. मग स्वतःच्या ओठांवर बोट ठेवून त्यांनी आवाजाविना काहीतरी उच्चारलं, आणि पडद्याकडे बोट केलं.

"पाणी म्हणायचं तर आधी ओठ मिटावं लागतात की. ओठ मिटले की ही वरची रेघ उडी मारती. माझी मारायची, किती आजारी असले तरी थोडी तरी. ह्यात कुठंच उडी न्हाई." त्यांनी आश्लेषाकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला, पट्टीला तेवढं कळत होतं. "हे पाणी न्हाई, मॅडम."

"मग काय?"

त्या बराच वेळ तोंडातल्या तोंडात शब्द घोळवत राहिल्या. तीन तुकडे, मधल्यात ओठांचा चंबू, शेवटी जीभ दाताला. पुष्कळ शब्द बसवून पाहिले आणि टाकून दिले. शेवटी दोन उरले.

"एक तर 'जाऊ दे'," त्या म्हणाल्या. "न्हाईतर 'राहू दे'. पहिलं अक्षर जिभेचं आहे, आणि जीभ एवढी थकलीय की ज म्हणतीय का र, ते कळत न्हाई."

आश्लेषाला तो चमचा आठवला. राहू दे, नको ते पाणी. किंवा राहू दे मला इथंच, घरात. कारण त्याच दिवसांत तिने त्याला सलाइनसाठी दोनदा गाडीत घालून रुग्णालयात नेऊन आणलं होतं, आणि डॉक्टर आणखी एका उपायाबद्दल बोलले तेव्हा तिने लगेच होकार दिला होता. किंवा जाऊ दे. त्या शब्दाचाही एकच अर्थ नव्हता. भांडण झालं की सुदर्शन तिची समजूत काढताना हेच म्हणायचा, जाऊ दे गं. अकराशे त्रेचाळीस वेळा त्याने काहीतरी सांगितलं होतं आणि तिने त्याला पाणी पाजलं होतं. आता मिरजेतल्या थकलेल्या माणसांच्या गळ्यांतून तो पुन्हा तेच सांगू पाहत होता आणि तिचा प्रोग्राम पुन्हा तेच ऐकत होता.

"चूक झाली माझ्या हातून," ती म्हणाली.

"तुम्ही उशाला तरी होता," छायाताई म्हणाल्या. त्यांनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

दार बंद व्हायला पाच दिवस उरले असताना आश्लेषाने पॅकेज नव्याने पाठवलं. चार महिन्यांच्या सगळ्या नोंदी त्यात होत्या, एकोणीस दिवसांसकट. पाणी हा शब्द तिने अकराशे त्रेचाळीस ठिकाणांहून पुसला होता आणि तिथे दुसरं काहीही लिहिलं नव्हतं. त्या नोंदींवरून प्रोग्राम आता एकच गोष्ट शिकला होता, आपल्याला कळत नाही ते ओळखायला. अशी हालचाल आली की तो शब्द बोलायचा नाही. नखाने टेबलावर वाजवावं तशी बारीक टिकटिक करायचा, म्हणजे उशाशी असलेल्या माणसाला कळावं की हा काही म्हणतो आहे.

घोन्साल्विसांनी शेवटची शंका फोनवर विचारली. "परवान्याच्या फाईलमध्ये तुमच्या मिस्टरांची संमती लागेल. आधीच्या दहा महिन्यांच्या नोंदींसाठी त्यांची सही आहे. या चार महिन्यांसाठी नाही. जगातलं कुणीही हे उघडून पाहू शकेल. त्यांना चाललं असतं?"

"माहीत नाही, सर."

"वारस म्हणून तुम्ही सही करू शकता. नियमात बसतं."

"म्हणजे पुन्हा त्याच्या वतीने मीच बोलायचं."

"हो," ते म्हणाले. "पण या वेळी तसं लिहून ठेवा. तुम्ही बोललात, त्यांनी नाही, हे."

तिने तसंच लिहिलं. नावापुढे नातं, आणि खाली एक ओळ: सुदर्शन मगदूम यांना हे विचारलेलं नाही. तिसऱ्या दिवशी भांडाराच्या सभासदांच्या टपालयादीवर घोन्साल्विसांचं तीन ओळींचं पत्र दिसलं. सगळं उघडून पाहिलं आहे. जे कळत नाही ते कळत नाही असं लिहिलेलं आहे. मी जामीन राहतो. सही झाली आणि पॅकेज आत गेलं.

जानेवारीत मिरजेची एकेचाळीस माणसं बोलत होती. छायाताईंनी पट्टीला दोनदा शिव्या घातल्या, दोन्ही वेळा तिला नीट कळल्या. सोलापूर, जळगाव, बेळगाव, प्रोग्राम घेणाऱ्यांच्या यादीत एकेका रुग्णालयाचं नाव चढत गेलं. आश्लेषा शिकवून आली की आलेल्या तक्रारी वाचायची, दुरुस्त्या करायची. कधी घरात कुठे बारीक टिकटिक झाली, घड्याळाची किंवा पालीची, की तिचे हात थांबत. ती उठून पाहून येई आणि पुन्हा बसे.

फेब्रुवारीच्या एका दुपारी नांदेडहून गोविंद मुंडकर नावाच्या माणसाचा निरोप आला. त्याचे वडील अंथरुणाला खिळले होते. पट्टी दोन दिवस नुसती टिकटिकत होती. कृत्रिम श्वासाचं यंत्र लावायचं की नाही ते त्याने संध्याकाळपर्यंत डॉक्टरांना सांगायचं होतं. "तुमचा आधीचा प्रोग्राम काही तरी शब्द तरी बोलायचा असं इथले लोक सांगतात," त्याने लिहिलं होतं. "तुम्हाला माहीत आहे का, बाबा काय म्हणतायत?"

आश्लेषाने तीनदा उत्तर लिहिलं आणि पुसलं. मग लिहिलं: "मला माहीत नाही. कुणी माहीत आहे म्हटलं तर विश्वास ठेवू नका. पण ते काही म्हणतायत हे नक्की. जवळ बसा. हो किंवा नाही असं उत्तर येईल असा एकेकच प्रश्न विचारा, आणि उत्तराला वेळ द्या. मी दिला नव्हता."

तासाभराने त्याचं उत्तर आलं.

"जवळ बसलोय. हात हातात घेतला. विचारलं, बाबा, यंत्र लावू का? तेवढ्यात टिकटिक थांबली. अजून थांबलेलीच आहे, श्वास चालू आहे, डोळे माझ्याकडे आहेत. मॅडम, थांबली म्हणजे हो, की नाही?"