विमानाचे सात फोटो

हे सांगायचं माह्या मनात नव्हतं. म्हाताऱ्या माणसाले पकडून बसवायचं, कूलर त्याच्याकडे फिरवायचा अन् म्हणायचं, सांगा. सांगतो. पण मधात 'खरं का हो' म्हणून विचाराल तर उठून जाईन.

अकोल्याच्या जठारपेठेतले खुशालराव जवानीत हवाईदलात होते. शिकले मॅट्रिकपर्यंतच, पण हात पक्का. लढाऊ विमान दुरुस्तीले आलं की शेपटी वेगळी, इंजिन वेगळं, पोटाचे पत्रे वेगळे करायचे, तपासायचे, पुन्हा जोडायचे. तिथं एक कायदा होता. भिंतीवर फळा, फळ्यावर हरेक पान्याचं चित्र रंगवलेलं. काम झालं की पाना आपल्या चित्रावर टांगायचा. एक चित्र उघडं दिसलं तरी पोटाचा शेवटचा पत्रा लागत नसे.

एक दिवस चौदा नंबरचं चित्र उघडं राह्यलं. जोडलेलं विमान पुन्हा सारं उसवलं, पाना भेटला नाही. संगं काम करणारा त्यांचा साळा, किशोर, म्हणाला, "शेवटी खुशालच्या हातात पाह्यला." खुशालरावची नोकरी गेली. तवापासून पन्नास वर्षं, अमरावतीच्या हरेक लग्नात किशोर मांडवात ओरडे, "चमचे सांभाळा बाप्पा, आमचे भाटवे आले." भाटवे म्हणजे बहिणीचा नवरा. लोक हसत. खुशालराव ताट अर्धं टाकून उठत.

औंदा मे महिन्यात, भर दुपारी, किशोर अकोल्याले आला. रस्त्यावर कुत्रं नव्हतं. लाइट गेलती. त्यानं चिडवाच्याच हिशोबानं चटईवर सात जुने फोटो मांडले.

"त्याच हप्त्यातले आहेत, भाटवे. पेटीत भेटले. चौदा नंबर दिसते का पाहा."

खुशालराव पाहू लागले. ट्रॉलीवर इंजिन. लोखंडी घोडीवर टेकवलेली शेपटी. उघड्या पोटाखाली माणसं, त्यात त्यांच्या तुकडीचा सर्जंट सहदेव. त्याले मरून वीस वर्षं झाली.

मंग वास आला. रॉकेलचा अन् तापलेल्या पत्र्याचा, थेट हँगरमधला.

"काय सांडलं हो?" आतून खुशालरावच्या घरवालीनं, मैनाबाईनं विचारलं.

 फोटोतून बारीक आवाज येऊन राहिला होता. टक्... टक्... गरम लोखंड निवताना करते तसा.

"भाटवे," किशोर हळू म्हणाला, "सहदेव... इकडे पाहत नव्हता."

"कवा?"

"सकाळी. बसमधी फोटो पाह्यले तवा. पाठ होती त्याची..."

आता सहदेवचं तोंड समोर होतं. पुढच्या फोटोत त्याचा हात उचललेला. त्याच्या पुढच्यात बोट सरळ जवान किशोरच्या मागच्या खिशाकडे, अन् खिशातून पान्याचं तोंड बाहेर.

खुशालराव पन्नास वर्षांत एवढे ताठ बसले नव्हते. "मैने, चष्मा घालून ये. तुह्या भावाचा खिसा पाह्य."

मैनाबाईनं लय वेळ पाह्यलं. "दादा, हे काय होय?"

किशोर म्हणाला, "खिशातच राह्यला होता. खोलीवर गेल्यावर समजलं... मंग सांगायची लाज वाटली. विहिरीत टाकला."

"अजून एक डाव सांग. जोरात. शेजारच्या केशवरावले ऐकू गेलं पाहिजे."

किशोरनं सांगितलं. केशवराव खिडकीत आले, तवा तिसऱ्यांदा सांगावं लागलं. मंग "झालं ना आता, सोडा," म्हणून तो उठला अन् फोटो तिथंच टाकून उन्हात निघून गेला.

त्या दुपारी खुशालरावनं आमरसाच्या चार वाट्या संपवल्या. पुढच्या रविवारी अमरावतीच्या लग्नात गेले, पंगतीच्या मधोमध बसले, दोनदा जिलेबी मागून घेतली अन् ताट पुसून उठले. मांडवात कोणी हसलं नाही. किशोर आलाच नव्हता.

फोटो खुशालरावकडे आहेत. लग्नाहून आल्यावर पाह्यले, तर विमानाले चाकं लागलेली. हप्त्यानं इंजिन पोटात गेलं. मंग शेपटी. फळ्यावर चौदा नंबर टांगलेला, ओला, खाली पाण्याचं थारोळं. शिडी लावलेली आहे, विमानातली वरची बसायची जागा रिकामी आहे, अन् शिडीपाशी सहदेव कोणाची तरी वाट पाहून राहिला आहे. पोटाचा एकच पत्रा लागाचा उरला.

खुशालरावनं दोन डाव निरोप धाडला, पत्रा लागाच्या आधी येऊन माफी माग. सहदेव ज्याची वाट पाहून राहिला, तो माणूस अजून आला नाही.

किशोर.