‘सोड’ म्हटल्याशिवाय

वाचून हसलात तरी चालेल. पण हे माझ्या सख्ख्या बहिणीच्या अंगणात घडलंय, आणि ती पहार मी स्वतः हात लावून पाहिली आहे.

कर्जतहून खोपोलीला जाताना आतल्या अंगाला त्यांचं गाव. भातकापणी उरकलेली, रविवारची दुपार, लख्ख ऊन. भुताखेताची म्हणावी अशी वेळही नव्हती.

माझा भाचा धनेश गाडीचा फॅन बेल्ट बदलत होता. इंजिनावरचा रबरी पट्टा. तो तुटला की इंजिन तापतं आणि गाडी उभी राहते.

हे धनेशइतकं कुणाला ठाऊक असणार...

पावसाळ्यात तो पट्टा किंचाळायचा. सकाळी गाडी चालू झाली की अख्खी आळी जागी. धनेशचे वडील, आमचे विठूभाऊजी, रोज सांगायचे की पट्टा बदलू या. धनेशला कामावरून सवड होईना. शेवटी त्याने न्हाणीतला साबण आणला आणि पट्ट्यावर घासला.

आवाज बंद.

"आवाज गेला का रं?" भाऊजींनी ओट्यावरून विचारलं.

"गेला, बाबा. नवा टाकला."

त्याच आठवड्यात भाऊजींच्या छातीत कळ आली. त्यांना दवाखान्यात नेताना शिळफाट्याच्या अलीकडेच पट्टा तुटला. गाडी वाफ सोडत थांबली. दुसरी गाडी मिळेपर्यंत भाऊजी धनेशच्या मांडीवर गेले.

नवाकोरा पट्टा तुटलाच कसा, म्हणून आम्ही दुकानदाराला शिव्या दिल्या. साबणाचं मला फार उशिरा कळलं.

आता त्याच्या बायकोचे, निशिगंधाचे, दिवस भरत आले होते. गाडी हवीच होती.

हे काम दोघांचं. एकाने पहारीने अल्टरनेटर, म्हणजे पट्ट्यावर फिरणारं वीज बनवायचं यंत्र, रेटून धरायचा, म्हणजे पट्टा ताणला जातो. दुसऱ्याने बोल्ट आवळायचा. पहार भाऊजींची, पाना धनेशचा, ही बापलेकाची जुनी पद्धत. धनेश ‘सोड’ म्हणेपर्यंत भाऊजी हात ढिला करत नसत. एकदा पायावरून विंचू गेला, तरी केला नव्हता.

त्या दुपारी धनेश एकटाच. एका हाताने रेटायचं, दुसऱ्याने आवळायचं. पहार सारखी सटकत होती. डोळ्यांत घाम. वैतागून, नुसत्या सवयीने, तोंडातून निघून गेलं,

"धर ना रं, बाबा..."

हातावरचा भार हलका झाला.

त्याने हात काढून घेतला. पहार तशीच... ताणलेली.

शेजारच्या खळ्यावरचं झोडपणं थांबलं होतं. कोंबड्यासुद्धा गप्प.

धनेशने बोल्ट आवळला. कसा, ते त्यालाही सांगता येत नाही. समोर कुणी नव्हतं. श्वास मात्र होता... दमलेला, ओळखीचा. आणि साबणाचा वास.

मग अगदी रोजच्यासारखं...

"आवाज गेला का रं?"

‘गेला’ म्हणायला जीभ उचलेना. ‘नाय’ म्हणावं, तर पुढचं सगळं सांगावं लागणार.

पाना तिथेच टाकून तो घरात गेला आणि भिंतीकडे तोंड करून पडला.

पहार अजून तिथेच आहे. कमलेश मेकॅनिकने दोन्ही हातांनी ओढून पाहिली. गंजून धरलीय म्हणाला, आणि चहा न पिताच गेला.

एका दुपारीत गंज?

मी हात लावला. लोखंड गार होतं. मुठीएवढी जागा सोडून...

निशिगंधा रिक्षाने गेली. मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. पण ताई सांगते की भाऊजी तिच्या स्वप्नात येतात आणि नुसता दंड चोळत बसतात.

मी धनेशला समजावलं की एक शब्द आहे रे, जाऊन म्हण आणि मोकळं कर त्यांना.

तो लेकीला थोपटत होता. वर बघितलं नाही.

"रोज जातो गं, मावशी. पण आधी बाबा विचारतो."

साबणाचं ताईला मी अजून सांगितलेलं नाही. म्हणून हल्ली तिच्याकडे जाताना मी मागच्या दाराने जाते.

गाडीजवळून गेले, आणि मलाच विचारलं तर...