कच्चं ग्राफिक्स कार्ड

"माऊस सोड! सोड म्हणतो ना!" शैलेश ओरडला.

"तूच सोड! तुझ्या ओरडण्यानं काय सुधारणार आहे ते?" मुक्ताही हटली नाही.

घटकाभरापूर्वी पडद्यावर डहाणूची खाडी कशी निळीशार हलत होती! पाण्यावर होडी, होडीला शीड, शिडात वारा. मग कॉम्प्युटरनं आपणहून कसलंसं अपडेट घेतलं, पडदा काळा झाला आणि उजळला तेव्हा खाडीचा नुसता चिखल झाला होता. अक्षरं फाटली, चित्रं फुगली, होडी जागच्या जागी थिजली.

हा कॉम्प्युटर आठवीतल्या मुक्तानं स्वतः जोडला होता. सगळा मे महिना ती स्क्रू आणि वायरींत रमली होती. तिची वर्गमैत्रीण सुषमा झरीहून सुट्टीला आली होती आणि दोघी मिळून होडीचा गेम बनवत होत्या. शैलेश हा चुलतभाऊ. वयानं एक वर्षानं मोठा, आवाजानं चार.

गडबड ऐकून शैलेशचे वडील, श्यामकांतकाका, आत आले. सरकारी कचेरीत मोठे कारकून, आणि घरातही शेवटचा शब्द त्यांचाच.

"जाळलंस? एवढं भारी ग्राफिक्स कार्ड मी स्वतः तळासरीहून आणलं, ते जाळलंस?"

"काका, मी काही केलं नाही. अपडेट आपोआप—"

"आपोआप! तुझ्या हातात आलं की सगळं आपोआप मोडतं!"

त्यांनी तिथूनच दुकानदाराला फोन लावला. हर्षलशेठचा आवाज फोनमधून तुपासारखा ओघळला.

"साहेब, मी बजावलं होतं ना? माझ्या पेनड्राइव्हमधलाच ड्रायव्हर टाकायचा, कंपनीचा नाही! कार्ड जळलं समजा. वॉरंटी गेली. पण तुम्ही आपले, म्हणून सांगतो. ते सगळं मशीन माझ्याकडे टाका, बदल्यात एक तयार कॉम्प्युटर देतो."

"उद्या सकाळीच आणतो," काका म्हणाले. "आणि मुक्ता, पुन्हा स्क्रूड्रायव्हर हातात दिसला तर बघ!"

दार धाडकन आपटलं. मुक्ताचे डोळे भरून आले, पण तिनं पाणी खाली पडू दिलं नाही. उद्या मशीन गेलं की होडी गेली, खाडी गेली, आणि आपण मात्र हातानं उभं केलेलं मोडणारी म्हणून घरभर गाजणार!

"रडतेस काय?" सुषमा म्हणाली. "उद्या सकाळपर्यंत ते आपलंच आहे ना? चालू कर!"

मुक्तानं कॉम्प्युटर सेफ मोडमध्ये चालू केला. बिघडलेला ड्रायव्हर मुळासकट काढला आणि कंपनीच्या साइटवरून, खोक्यावर छापलेल्या नावाचा, नवाकोरा उतरवून घेतला.

"हा ड्रायव्हर बसतो कुठे? स्टिअरिंगवर?" शैलेशनं टोमणा मारला.

"दुभाष्या असतो तो! कॉम्प्युटर बोलतो ते कार्डाला समजावतो. तुला समजवायला मात्र अजून कुणी बनवलेला नाही!"

पडद्यावर पाटी आली: या ड्रायव्हरला जुळणारं कार्ड सापडलं नाही.

"सापडलं नाही? आत तर बसलंय!" मुक्तानं पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तीच पाटी. शेवटी तिनं कार्डासोबत आलेला हर्षलशेठचा पेनड्राइव्ह लावला, आणि काय आश्चर्य! अक्षरं सावरली, खाडी निळी झाली, होडी हलली. अडखळत हलली, पण हलली!

"म्हणजे जळलेलं नाहीच!" शैलेशचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "मग तो खोटं का बोलला?"

सुषमा कपाळाला आठ्या घालून बसली होती. "हे बघ, मी आजीशी वारलीत बोलते, तुझ्याशी मराठीत, आणि बाजारात गुजरातीत. पण आजीसमोर कुणी वारली म्हणून बसला आणि त्याला तिचा एक शब्द कळला नाही, तर ती काय म्हणेल?"

"हा आपल्यातला नाही म्हणेल!" मुक्ता ताडकन उठली. "कंपनीचा दुभाष्या कार्डाला कळत नाही, कारण कार्ड त्या नावाचं नाहीच! शैल्या, स्क्रूड्रायव्हर!"

"बाबांनी सांगितलंय—"

"'दिसला तर' म्हणाले ना? मग त्यांना दिसू देऊ नकोस!"

तिनं वीज बंद करून कार्ड अलगद बाहेर काढलं. पाठीवर खोक्यावरच्याच नावाचा चकचकीत स्टिकर होता. सुषमानं कार्ड हातात घेतलं आणि सवयीनं त्यावर अंगठ्याचं नख ओढलं.

"अगं, ओरखडतेस काय?"

"वाडीत चिकू काढताना असंच बघतात. वरून सगळेच पिकल्यासारखे दिसतात गं. नखानं खरवडलं आणि खाली हिरवं निघालं, तर तो कच्चा!"

स्टिकरचं टोक उचललं गेलं. खाली दुसरा स्टिकर होता, पिवळा पडलेला. त्यावर दुसरंच नाव आणि वर्ष: तिघंही बालवाडीत होते त्या काळातलं!

ते कार्ड घेऊन तिघं काकांकडे धावले. काकांनी चष्म्यातून पाहिलं आणि त्यांचा चेहरा आणखी कडू झाला.

"कशावरून तूच चिकटवलं नसशील? हर्षलशेठला मी किती वर्षं ओळखतो!"

शैलेशनं बापाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि हळूच म्हणाला, "मुक्ते, उद्या दुकानात त्याचंच बंद खोकं उघडलं तर?"

सकाळी तळासरीला एसटीतून उतरून चौघं दुकानात पोचले. हायवेवर ट्रक धडधडत होते. आत गिऱ्हाइकांची बरीच गर्दी होती.

"या साहेब! ठेवा मशीन इथे," हर्षलशेठ हसला. मुक्तानं मात्र बाकावर बसून मांडीवरचं मशीन घट्ट धरलं.

"शेठ," शैलेश साळसूदपणे म्हणाला, "माझ्या मित्राला अगदी तसंच कार्ड हवंय. सीलबंद आहे?"

"आहे तर! हे घे, सील तूच फोड. एकदम ओरिजिनल!"

शैलेशनं सील फोडलं. सुषमानं हात पुढे केला, नख लावलं आणि मोठ्यानं म्हणाली,

"वरून पिकलं, आत कच्चं,
नख सांगेल खोटं-सच्चं!"

स्टिकर सर्रकन निघाला. खाली तोच पिवळा चेहरा!

"ए पोरी! ठेव खाली! माल खराब करतेस?" हर्षलशेठचं तूप क्षणात थिजलं. "साहेब, आवरा यांना, नाहीतर पोलिसांना बोलावीन!"

"बोलवाच!" मुक्ता उभी राहिली. "त्यांच्यासमोर कंपनीचा ड्रायव्हर टाकून दाखवा. कंपनीच्या कार्डाला कंपनीचाच ड्रायव्हर का चालत नाही, ते सांगा! आणि कार्ड जळलं म्हणालात, ते तुमच्या पेनड्राइव्हवर धडधाकट चाललं कसं?"

"मला काय माहीत? माल वरून येतो..."

"माहीत नव्हतं, तर कंपनीचा टाकू नका म्हणून का बजावलंत?"

मग एक गिऱ्हाईक पिशवीतलं खोकं काढून म्हणालं, "शेठ, हे मी आत्ताच घेतलं. हे पण सोला जरा." पाठोपाठ दुसरं खोकं पुढे आलं.

श्यामकांतकाका त्या निघालेल्या स्टिकरकडे बघत राहिले. त्यांची कानशिलं लाल झाली. त्यांनी काउंटरवर हात आपटला, पण या वेळी तो मुक्तासाठी नव्हता, हर्षलशेठसाठी होता.

"पैसे काढ, हर्षल! माझे आणि या सगळ्यांचे. आणि हे मशीन तुला मिळणार नाही. तक्रार तर मी करणारच!"

दारातल्या एका आजोबांनी विचारलं, "कुणाची हो ही पोर? भलतीच हुशार!"

"माझी पुतणी. मशीन तिनंच जोडलंय, एकटीनं," काका म्हणाले. मग अडखळून, "मुक्ता, मी... तुझं ऐकायला हवं होतं. यापुढे आपल्या घरात कॉम्प्युटरचं तू म्हणशील तसं."

मुक्तानं वर पाहिलं नाही. तिच्यापुढे गिऱ्हाइकांची खोकी रांगेनं लागली होती आणि तिचा राग अजून उतरला नव्हता. तिनं पहिलं कार्ड उलटं केलं, वाकून नाव वाचलं आणि म्हणाली, "काका, जरा बाजूला व्हा. उजेड अडतोय."

आणि श्यामकांतकाका निमूटपणे बाजूला झाले!